जुन्या गाड्याचा जीर्णोद्धार

इतिहास म्हटला की आपणांस बखरी, सनदा, ताम्रपट आणि पत्रव्यवहार आठवतात. कचेरीत दिवस घालविणाऱ्या आम्हां लोकांचा तर कागदावर विशेष विश्वास. जे फायलीत नाही ते घडलेच नाही, असे मानण्याची सवय आम्हांस जडलेली असते. परंतु मनुष्याच्या ज्ञानाचा फार मोठा भाग कागदावर कधी उतरलाच नाही. तो एका हातातून दुसऱ्या हातात गेला, आणि हात थांबले तेव्हा वस्तूंत तेवढा शिल्लक राहिला. इंग्लंडातील शेतकऱ्यांचा गवत वाहण्याचा लाकडी गाडा ही अशीच एक वस्तू होय. मोडकळीस आलेला असा गाडा पुन्हा उभा करणाऱ्या कारागिरास बखर वाचणाऱ्या संशोधकाइतकीच चिकित्सा करावी लागते.

जॉन कॉन्स्टेबल याचे ‘दि हे वेन’ हे चित्र आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. १८२१ साली ते लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडले गेले, १८२४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्यामुळे चित्रकारास सुवर्णपदक लाभले, आणि आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. सफोक परगण्यातील स्टाउर नदीच्या उथळ पाण्यात उभा असलेला एक रिकामा गाडा हा या चित्राचा मध्य. कॉन्स्टेबल हा त्याच परिसरातील गिरणीवाल्याचा मुलगा; असे गाडे पाहतच तो लहानाचा मोठा झाला. परंतु लंडनमध्ये चित्र रंगविताना नुसत्या आठवणीवर विसंबणे त्याने पत्करले नाही. १८२१ च्या फेब्रुवारीत, ऐन थंडीत, धाकट्या जॉन डन्थॉर्नने गावाकडील गाड्याचे रेखाटन करून त्याच्यासाठी पाठविले. डोळ्यांपुढे जन्मभर असलेली वस्तूही नेमकी सांगू गेल्यास किती अवघड असते, याचा हा बोलका पुरावा आहे.

या गाड्यात असे अवघड ते काय? गवत वजनास हलके, पण आकाराने अवाढव्य. म्हणून गाडा लांबरुंद हवा, भार चाकांच्या वरून बाहेर पसरेल अशा त्याच्या कडा हव्यात, आणि पुढेमागे उंच शिड्या लावण्याची सोय हवी. चार चाकांपैकी पुढील दोन लहान, वळण घेताना ती धडाखाली शिरावीत म्हणून. इतके करूनही घोड्यांस ओझे होऊ नये, यासाठी सांगाड्याच्या प्रत्येक लाकडाच्या कडा, जेथे बळाची गरज नाही तेथे, तासून काढीत. संग्रहालयात पाहणारा या तासण्यास नक्षी समजतो. वस्तुतः तो काटकसरीचा हिशेब असतो.

खरे कसब चाकात. तुंबा एल्म वृक्षाचा. त्याच्या तंतूंची वीण गुंतलेली असल्यामुळे आरे ठोकताना तो फाटत नाही. आरे ओकचे, आणि तेही करवतीने कापलेले नव्हेत, तर फोडून काढलेले. करवत तंतू तोडीत जाते, फोडताना मात्र चीर तंतूंच्या वाटेनेच धावते. परिघाचे वक्र तुकडे, ज्यांस आपल्याकडे पुठ्ठे म्हणतात, ते बहुधा ॲशचे. हे लाकूड धक्का सोसते. एका पुठ्ठ्यात दोन आरे, म्हणजे बारा आरे असले तर पुठ्ठे सहा. इंचभर जाडीस एक वर्ष वाळवण, असा जुना ठोकताळा होता. तेव्हा आज तोडलेला ओंडका कैक वर्षांनी कामास येई.

हे चाक सपाट नसते. उथळ बशीप्रमाणे ते बाहेरच्या अंगास खोलगट असते. घोड्याच्या पावलागणिक भार डावीउजवीकडे झुलतो आणि तुंब्यास बाहेर रेटतो. सपाट चाक अशा धक्क्यांनी वादळात सापडलेल्या छत्रीसारखे उलटेल; बशीच्या घाटाचे चाक तो रेटा सोसते. लोखंडी धाव परिघापेक्षा किंचित लहान करून, तापवून, गरम असतानाच चाकावर चढवीत आणि लगेच पाणी ओतीत. थंड होताना ती आवळत जाई आणि सारे सांधे घट्ट बसत. बशीची खोली किती, धाव किती लहान, हे कोष्टकात लिहिलेले नव्हते. ते सुताराच्या आणि लोहाराच्या नजरेत होते.

ही नजर शब्दांत उतरविण्याचे श्रेय जॉर्ज स्टर्ट या गृहस्थास आहे. सरे परगण्यातील फार्नहॅम येथे त्याच्या वडिलांचे चाके व गाडे बांधण्याचे दुकान होते. स्टर्ट होता शाळामास्तर, रस्किनचा वाचक. १८८४ साली वयाच्या एकविसाव्या वर्षी हे दुकान त्याच्या गळ्यात पडले. त्याच्या पदरी असलेल्या कारागिरांस सर्व काही येत होते. मालकास काहीच येत नव्हते. तो त्यांच्यापासूनच शिकला, आणि पुढे पक्षाघाताने जर्जर झाला असता १९२३ साली त्याने ‘दि व्हीलराइट्स शॉप’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्यास ते काम जन्मतः सवयीचे नव्हते, त्यानेच ते लिहून ठेवले, यात आम्हांस नवल वाटत नाही. पूर्ण सवयीच्या गोष्टीविषयी मनुष्य सहसा लिहीत नाही.

हिशेबाच्या बाबतीत स्टर्टला जे आढळले ते आमच्यासारख्या कारकुनांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. दुकानातील दर परंपरेने चालत आलेले होते. त्याने खर्च मांडून पाहिला, तेव्हा कित्येक कामांत नुकसान होत असल्याचे दिसून आले. काम चांगले कशास म्हणावे, हे कारागिरांस पक्के ठाऊक होते. त्याची किंमत काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे त्याने यंत्रे आणली. दुकान तगले, परंतु जुन्या कामातील समाधान ओसरले, ही खंत त्याच्या ग्रंथात पानोपानी आहे.

दुसरी गोष्ट स्थळाची. जमीन चिकण की रेताड, चढउतार कसा, कुंपणाचे फाटक किती रुंद, यांवर गाड्याचे माप ठरे. रस्त्यात पडलेल्या चाकोऱ्यांचे अंतर परगण्यागणिक निराळे. परका गाडा आला की एक चाक चाकोरीत आणि दुसरे उंचवट्यावर. वारंवार बदल्या सोसणाऱ्या आम्हां लोकांना हे समजावून सांगण्याचे कारण नाही! रंगांतही भेद होता: ऑक्सफर्डशायरचा गाडा पिवळा, ससेक्सचा निळा. जे. गेरेंट जेंकिन्स यांनी १९६१ साली या सर्व जातींचे वर्गीकरण करून ग्रंथ लिहिला. तोवर ट्रॅक्टर आणि रबरी टायरच्या गाड्या येऊन जुने गाडे गोठ्यांच्या आडोशाला कुजू लागले होते. १९५१ साली रेडिंग विद्यापीठाने ग्रामीण जीवनाचे संग्रहालय स्थापिले, म्हणून त्यांतील काही वाचले.

आता प्रश्न असा की, कुजलेला गाडा सापडल्यास त्याचे करावे काय? एक पक्ष म्हणतो, आहे तसा जपावा. बदललेला प्रत्येक तुकडा म्हणजे नष्ट झालेला पुरावा. दुसरा म्हणतो, जो भार वाहत नाही तो गाडा कसला? आमचा कौल दुसऱ्या पक्षास आहे, पण एका अटीवर. गाडा शेतात राबत होता तेव्हाही त्याचे आरे, पुठ्ठे, तक्तपोशी बदलली जातच होती. डागडुजी ही त्याच्या चरित्राचीच प्रकरणे. तेव्हा बदलण्यात पाप नाही. पाप आहे ते न मोजता, न पाहता बदलण्यात. जुना तुकडा सोडविताना त्यावरील हत्याराच्या खुणा, भोकांचा कल, झिजेची बाजू टिपून ठेवावी. नवा तुकडा त्याच जातीच्या लाकडाचा, त्याच रीतीने घडवावा. आणि काढलेला तुकडा फेकू नये. असे केल्यास गाडाही उभा राहतो आणि तो घडविण्याची विद्याही एका नव्या हातात जिवंत होते. काचेआड ठेवलेल्या गाड्यापासून हे दुसरे फळ मिळत नाही.

आपल्या बैलगाडीची कथा याहून फारशी निराळी नाही. बलुतेदारीतील सुतार आणि लोहार यांनी मिळून ती घडविली; तुंबा, आरे, धाव हे शब्द अजून कानांवर येतात, परंतु ते उच्चारणारे हात कमी होत चालले आहेत. आपल्यातील कोणी रजेवर गावी जाईल, कोणी नेमणुकीच्या जिल्ह्यात दौऱ्यावर निघेल. वाटेत एखादा जुना कारागीर भेटल्यास गाडीच्या प्रत्येक भागाचे नाव, माप आणि कारण त्यास विचारून वहीत उतरून घ्यावे. असे टिपण कोणत्याही कचेरीच्या नोंदवहीत आढळणार नाही. ते आपण केले तरच होईल.