मॅकगर्क परिणाम

मॅकगर्क परिणाम म्हणजे बोलणाऱ्याच्या मुखाच्या हालचाली पाहिल्यामुळे श्रोत्याला ऐकू येणाऱ्या ध्वनीत पडणारा फरक होय. भाषण समजून घेण्यात कानांबरोबर डोळ्यांचाही वाटा असतो, हे त्यावरून दिसून येते.

शोध

इंग्लंडमधील सरे विद्यापीठाचे हॅरी मॅकगर्क व जॉन मॅकडोनाल्ड यांनी १९७६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हा परिणाम मांडला. 'गा-गा' म्हणणाऱ्या स्त्रीच्या चित्रफितीवर त्यांनी 'बा-बा' हा ध्वनी बसवला. पाहणाऱ्या बहुतेक प्रौढांना 'दा-दा' ऐकू आले. डोळे मिटल्यावर मात्र 'बा-बा' हाच मूळ ध्वनी ऐकू येई.

कारण

मराठी वर्णमालेतील वर्ग उच्चारस्थानांनुसार पाडलेले असल्याने हा प्रकार सहज उमजतो. 'ब' ओष्ठ्य, 'ग' कंठ्य आणि 'द' दंत्य आहे. ओठ मिटलेले न दिसल्याने मेंदू 'ब' नाकारतो आणि ध्वनी व दृश्य या दोहोंशी त्यातल्या त्यात जुळणारा, मधल्या स्थानाचा 'द' स्वीकारतो. परिणामाचे ज्ञान असूनही तो सहसा टळत नाही. मात्र त्याची तीव्रता व्यक्तीनुसार बदलते.

ओष्ठवाचनाच्या मर्यादा

डोळ्यांना उच्चारस्थान काही अंशी दिसते. घोषत्व व अनुनासिकत्व दिसत नाही. त्यामुळे 'पार', 'बार', 'भार' आणि 'मार' हे शब्द ओठांवर जवळजवळ सारखेच भासतात. रत्नागिरी जिल्ह्यातील 'अंजनवेल' या ग्रामनामात ओठांवर स्पष्ट दिसणारे व्यंजन 'व' हे एकच आहे. 'ज', 'न' व 'ल' यांचे उच्चार मुखाच्या आत होतात. म्हणून केवळ ओठ पाहून संपूर्ण बोलणे कळणे कठीण असते. संदर्भाची जोड लागते.

महत्त्व

गोंगाटात बोलणाऱ्याचा चेहरा दिसल्यास शब्द अधिक चांगले कळतात, हे डब्ल्यू. एच. संबी व अर्विन पोलॅक यांनी १९५४ मध्येच दाखवून दिले होते. कोविड-१९ साथीच्या काळात मुखपट्टीमुळे ओठ झाकले गेले आणि श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची मोठी अडचण झाली. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलत असल्यास अशा विद्यार्थ्याचा हाच आधार तुटतो. वर्गाकडे तोंड करून, चेहऱ्यावर पुरेसा उजेड ठेवून बोलल्यास तो टिकून राहतो.