मॉस्कोतील पंचनामा

१९५५ च्या ऑगस्टमध्ये अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांविषयी जी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद जिनेव्हात भरली, तिच्या अध्यक्षस्थानावरून मुंबईच्या होमी भाभांनी, येत्या दोन दशकांत अणुसंमीलनाची शक्ती मनुष्याच्या ताब्यात येईल, असे भाकीत केले, तेव्हा त्या विषयाची बहुतेक कागदपत्रे मॉस्को, लंडन आणि वॉशिंग्टन येथील गुप्त दप्तरांत मोहोरबंद पडून होती.

संमीलनासाठी कोट्यवधी अंश तापवाव्या लागणाऱ्या वायूला भांडे कोणते द्यावे, हा त्या दप्तरांतला मुख्य प्रश्न. भांडे वितळेल ही सामान्य माणसाची भीती. खरे भय उलटे होते, कारण हा वायू इतका विरळ असतो की भिंतीला स्पर्श होताच तोच निवून जातो. ह्या तापमानात अणू विघटित होऊन विद्युद्भारित कण मोकळे होतात, आणि त्या अवस्थेला परिभाषाकारांनी आयनद्रायू असे भारदस्त नाव दिले असले, तरी लोकांच्या जिभेवर प्लाझ्मा हाच शब्द रुळला. भारित कण चुंबकीय रेषेला वेढे घालीत तिच्याच वाटेने जातो, आडवा सहसा जात नाही. तेव्हा नळीभोवती तारेची वेटोळी गुंडाळली की भिंतीपासून त्याला दूर राखण्याचा बंदोबस्त होतो. पण सरळ नळीची दोन्ही तोंडे उघडी राहतात, आणि ती जुळवून कडे करावे, तर कड्याच्या आतल्या अंगाला क्षेत्र प्रबळ व बाहेरच्या अंगाला क्षीण होऊन कण सरकत सरकत भिंतीला भिडतात. १९५० मध्ये साखारोव्ह आणि ताम ह्या रशियन शास्त्रज्ञांनी ह्यावर तोड काढली: प्लाझ्मातूनच विद्युत्प्रवाह खेळवून रेषांना पीळ द्यावा. पाणवठ्यावर निघालेली बाई जुनेराला पीळ भरून चुंबळ वळते. पीळ सैल राहिला, तर कापड विसकटते आणि घागर कलते; रेषांचेही तसेच. साखारोव्ह ह्या विचाराकडे वळले ते सखालिन बेटावरील ओलेग लाव्रेन्त्येव्ह नावाच्या एका सैनिकाचे पत्र वाचून; पत्रातली योजना विद्युत्क्षेत्राची होती आणि चालण्याजोगी नव्हती, परंतु प्रश्न तिने नेमका मांडला होता.

इंग्लंडातील हार्वेलच्या संशोधकांनी हेच कडे आपल्या परीने घडविले होते, आणि तेथेच ह्या इतिहासातील सर्वांत लाजिरवाणा प्रसंग घडला. एप्रिल १९५६ मध्ये ख्रुश्चेव्ह यांच्या लवाजम्यासोबत आलेल्या, सोव्हिएत अणुकार्यक्रमाचे प्रमुख कुर्चातोव्ह यांनी हार्वेललाच व्याख्यान देऊन, अशा यंत्रांतून न्यूट्रॉन निघाले म्हणजे संमीलन झाले असे समजू नये, हे स्वानुभवाने सांगितले होते. असे असूनही जानेवारी १९५८ मध्ये हार्वेलच्या 'झीटा' यंत्रातून न्यूट्रॉन निघताच, तापमान ५० लक्ष अंशांवर गेल्याची द्वाही फिरली, आणि ते न्यूट्रॉन संमीलनाचेच असल्याची खात्री नव्वद टक्के आहे, असे हार्वेलचे संचालक सर जॉन कॉक्रॉफ्ट वार्ताहरांना सांगून बसले. खरी उष्णता असती, तर न्यूट्रॉन सर्व दिशांना सारख्याच शक्तीने उडाले असते. तपासात मात्र प्रवाहाच्या दिशेचे न्यूट्रॉन अधिक जोरकस आढळले, म्हणजे प्लाझ्मा उसळून काही थोडे कण तेवढे वेगाने फेकले जात होते. मे महिन्यात दावा मागे घ्यावा लागला.

ह्यानंतर दहा वर्षांनी, ऑगस्ट १९६८ मध्ये, नोव्होसिबिर्स्क येथील परिषदेत सोव्हिएत शास्त्रज्ञ लेव आर्त्सिमोविच यांनी 'टी-३' ह्या टोकामाकात, म्हणजे साखारोव्ह-ताम यांच्या पीळदार कड्याच्या यंत्रात, इलेक्ट्रॉनांचे तापमान १ कोटी अंशांच्या घरात गेल्याचे जाहीर केले, तेव्हा पाश्चात्त्यांनी भुवया चढविल्या, आणि ते गैरही नव्हते. मोजणी अप्रत्यक्ष होती, आणि मूठभर उधळलेले इलेक्ट्रॉनही तसाच आकडा दाखवू शकले असते. आर्त्सिमोविच यांनी दिलेले उत्तर मला ह्या सबंध इतिहासातील सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते. त्यांनी इंग्रजांनाच पंच नेमले! झीटावर काम केलेले बॅस पीज आता कलहम प्रयोगशाळेचे संचालक होते, त्यांना निमंत्रण गेले. दुधाने तोंड पोळलेली ही मंडळी ताक फुंकून पिणार, हे उघड होते. शिवाय झीटाच्याच अभ्यासातून त्यांच्या हाती एक तापमापक आला होता. माणकाच्या स्फटिकातून सुटलेला लाल झोत प्लाझ्मात सोडावा, इलेक्ट्रॉनांवर आपटून विखुरलेला त्याचा अत्यल्प अंश प्लाझ्माच्या स्वतःच्या लखलखाटातून वेचावा, आणि मुळातली बारीक लाल रेघ किती रुंदावली ते पाहावे. इलेक्ट्रॉन जितके चपळ, तितकी ती रुंद.

नोव्होसिबिर्स्कची परिषद ज्या महिन्यात भरली त्याच महिन्यात सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले होते. तरीही १९६९ मध्ये निकोल पीकॉक, डेरेक रॉबिन्सन आणि त्यांचे सहकारी सुमारे पाच टन उपकरणे घेऊन मॉस्कोला पोहोचले. रेघ रुंदावली. नोव्हेंबरच्या 'नेचर' नियतकालिकात त्यांची साक्ष छापून आली आणि रशियनांचा आकडा खरा ठरला. प्रिन्स्टनच्या अमेरिकनांनी तर आपल्या 'मॉडेल सी' ह्या स्टेलरेटरची, म्हणजे रेषांना बाहेरच्या वेटोळ्यांनीच पीळ देणाऱ्या यंत्राची, मोडतोड करून १९७० साली त्याचाच टोकामाक केला. भाभांनी दिलेल्या वीस वर्षांपैकी तोवर पंधरा सरली होती.