अर्थिंग बघ रे

बाबांची १९८४ सालची गाडी भंगारात द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. डावा हेडलाइट मिणमिणता. बल्ब बदलला, फ्यूज बघितला, फरक शून्य. काचबिंदूने दृष्टी गेलेले बाबा खुर्चीतूनच म्हणाले, "अर्थिंग बघ रे."

आता हे अर्थिंग आलं कुठून? पूर्वी मोटारींना कार्बाइडचे दिवे असत. पाणी ठिबकवून तयार झालेला ॲसिटिलीन वायू पेटवायचा. १९१२ साली कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंग यांची विजेची यंत्रणा बसवली. स्टार्टर, दिवे, सगळं एकत्र. पुढे बहुतेक गाड्यांत दिव्याकडे जाणारी वायर एकच. करंट परततो पत्र्यातून. तिथे गंज चढला की दिवा मंदावतो.

अर्थचा बोल्ट सोडवला, पॉलिश पेपरने घासला, आवळला. लख्ख उजेड! मी ओरडलोच.

"लागला ना?" बाबा हसले.

असो. गाडी तूर्तास राहतेय.