गोदाम आणि उंदीर : प्लेगच्या इतिहासातून मूषकनियंत्रणाचा विचार

बीजसंज्ञा : प्लेग, धान्यगोदाम, मूषकनियंत्रण, भूतदया

प्रस्तावना

शिरूर तालुक्यातील केंदूरसारख्या गावांत पूर्वी धान्य पेव, बळद व कणगी यांत साठविले जाई. शेणामातीने लिंपलेली कणगी दगडांवर उंच ठेवली की धान्य ओलाव्यापासून व उंदरांपासून दूर राही. आज याच तालुक्यात रांजणगावचे औद्योगिक क्षेत्र उभे असून साठवण व्यापारी गोदामांत होऊ लागली आहे. प्रश्न मात्र जुनाच आहे. उंदीर मारावयाचा, की त्यास आत येऊच द्यावयाचे नाही? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा प्लेगच्या इतिहासाच्या आधारे विचार केला आहे.

मांडवी ते परळ

सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. बंदरालगतच्या या वस्तीत धान्याची गोदामे दाटीने उभी होती व तेथे मेलेले उंदीर आढळत होते. सरकारी उपाय मात्र माणसांवरच केंद्रित झाले. 1897 मध्ये पुण्यात रँड यांच्या प्लेग समितीने घरझडती व विलगीकरण सक्तीने राबविले. त्या असंतोषातून 22 जून रोजी रँड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत उंदरावरील पिसू रोगवाहक असल्याचे प्रयोगाने दाखविले. 1905 पासून परळ येथे झालेल्या संशोधनाने त्यास पुष्टी मिळाली.

संहाराची मर्यादा

यानंतर मुंबईत मोठ्या प्रमाणावर उंदीर पकडून मारण्यात आले, तरी साथ अनेक वर्षे परतत राहिली. उंदीर मेला की पिसवा नवा आश्रय शोधतात आणि तो आश्रय माणूसही असू शकतो. शिवाय 1940 च्या दशकात अमेरिकेतील बाल्टिमोर येथील अभ्यासात असे दिसले की, अन्न व निवारा कायम राहिल्यास मारलेल्या उंदरांची जागा लवकरच भरून निघते. रक्त गोठू न देणाऱ्या विषाने उंदीर काही दिवस यातना भोगून मरतो व त्यास खाणाऱ्या घुबडासही धोका पोहोचतो. चिकट सापळ्यातील मरण तर अधिकच क्रूर होय.

इमारत हाच उपाय

म्हणून जोते उंच असावे. दाराच्या खालच्या कडेस पत्रा ठोकावा. नळांभोवतीच्या फटी सिमेंटने बुजवाव्यात व झडपांना बारीक जाळी असावी. लहान उंदीर सुमारे 6 मिलिमीटरच्या फटीतूनही शिरतो. पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचावीत; सांडलेले धान्य रोज झाडावे. आत उरलेल्या उंदरांसाठी तत्काळ मृत्यू आणणारा व नियमित तपासला जाणारा सापळाच वापरावा.

निष्कर्ष

भूतदया आणि व्यापारी हित यांत विरोध आहे, हा समज इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. कणगी उंच ठेवणाऱ्यास जे उमगले होते, ते गोदाम बांधणाऱ्याने नकाशा आखतानाच ध्यानी घेतले, तर संहाराची गरजच पुष्कळ अंशी उरणार नाही.