आजीचा विठोबा आणि तुकडोजींची खंजिरी

परवा आमच्या बालाघाटच्या मोहल्ल्यात भजन होतं. पोरांनी कीबोर्ड आणला, ऑक्टोपॅड आणला. खंजिरी एकच, तीही कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याच्या हातात. मी तोंड वाकडं केलं तर नातू म्हणे, "आजोबा, तुमच्या वेळी नवं काही नव्हतं का?" होतं बाप्पा! त्यावरून आमच्या घरात अबोला झाला होता. वडिलांकडून ऐकलेलं लिहून ठेवतो.

तुकडोजी महाराज १९०९ चे, अमरावतीकडल्या यावलीचे. मूळ नाव माणिक, गुरू वरखेडचे आडकोजी महाराज. स्वतःच रचायचे, स्वतःच खंजिरीवर गायचे. सुरुवातीची भजनं देवाची, गुरुभक्तीची, वैराग्याची. माझी आजी तिरोड्याकडची, तिला ती तोंडपाठ. मग १९३५ ला मोझरीचा गुरुकुंज आश्रम झाला, पुढल्या वर्षी महाराज गांधीजींकडे राहून आले आणि भजनांतून गाव, सफाई, देश बोलू लागला. खंजिरी तीच, पण ठेका चालून जाणाऱ्या माणसांचा वाटायचा, असं वडील सांगत.

वडील तेव्हा भरवेलीच्या मॅंगनीज खाणीत नवे कारकून. त्यांना हीच भजनं हवी. आजी भडकायची, "मले इठोबा पाह्यजे, हा त गावचा कारभार सांगून रायला!" आजोबांना सुरांशी घेणंदेणं नव्हतं, पोलीस दारी येतील एवढीच धास्ती. ती काही उगाच नव्हती. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर-आष्टी पेटलं आणि महाराजांनाच अटक झाली. नागपूर, रायपूरचा तुरुंग, सुटका डिसेंबरात. त्या महिन्यांत वडील घरात मुद्दाम तीच भजनं म्हणत आणि आजी त्यांच्याशी बोलत नसे. ताट मात्र वाढायची.

आजीचं दुसरं गाऱ्हाणं हिंदीचं. महाराज हिंदीतही रचत, ते तिला परकं वाटे. इथे आजी चुकली असं मला वाटतं. आमच्या चाळीत पोवार होते, हिंदीवाले होते. ती भजनं नसती तर आमच्या ओसरीवर कोण येऊन बसलं असतं?

१ नोव्हेंबर १९५६ ला प्रांत फुटला. भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. आजीचं माहेर एका दिवसात दुसऱ्या राज्यात! मला घातलं हिंदी शाळेत. वडिलांनी ग्रामगीता आणली, आदल्याच वर्षी, १९५५ ला आलेली, आणि रोज संध्याकाळी माझ्याकडून वाचून घेऊ लागले. जमाखर्च मी हिंदीत शिकलो. मराठी वाचन त्या ओव्यांवर. विषय ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य असले. आजी सुपात तांदूळ निवडत ऐकायची. एकदा म्हणाली, "ओवी त ज्ञानोबाचीच हाय. मंग चालते."

११ ऑक्टोबर १९६८ ला महाराज गेले. मी बी.कॉम. करत होतो. घरात सगळ्यांत जास्त आजी रडली.

नातवाला मराठी वाचता येत नाही. चूक माझीच, बँकेच्या बदल्या, वर वेळ नाही ही सबब. पण परवा त्याने कीबोर्डवर महाराजांचं एक मराठी भजन अख्खं पाठ म्हटलं, मध्ये कुठेही न अडखळता. मी उठून खंजिरीवाल्या म्हाताऱ्याशेजारी जाऊन बसलो आणि टाळ्या धरल्या. ठेका जरा जलदच होता.