पात्यावरचे नाव

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली आणि जुना वाद पुन्हा पेटला : ही वाघनखे खरोखर महाराजांचीच का? लंडनच्या संग्रहालयाने तसा ठाम दावा कधीच केलेला नाही. ती १८१८ मध्ये साताऱ्यास आलेल्या जेम्स ग्रँट डफच्या मालकीची होती, एवढे मात्र निश्चित. वाद रंगला, लेख आले, रांगा लागल्या. पण शस्त्र कोणाचे, या प्रश्नाच्या गदारोळात दुसरा एक प्रश्न नेहमीप्रमाणे कोणीच विचारला नाही. ते घडवले कोणी?

तलवारीच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न विचारला, तर मराठ्यांच्या इतिहासाचे एक वेगळेच दालन उघडते.

सुरुवात त्याच ग्रँट डफपासून करता येते. १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात त्याने साताऱ्याच्या राजघराण्यात पूजल्या जाणाऱ्या भवानी तलवारीविषयी एक तळटीप दिली आहे. हे पाते जिनोवाचे असून अव्वल दर्जाचे आहे, असा तिचा आशय. तुळजाभवानीच्या नावाने ओळखली जाणारी तलवार आणि तिचे पाते इटलीतील एका बंदराचे! आजच्या वाचकाला हे खटकते. त्या काळातल्या सरदाराला ते मुळीच खटकले नसते; उलट त्याने अभिमानाने सांगितले असते.

साताऱ्याच्या जलमंदिरातील या तलवारीवर ‘श्रीमंत सरकार राजमंडल राजा शाहू कदीम अव्वल’ अशी अक्षरे आहेत. ग. ह. खरे यांच्यासारख्या साक्षेपी संशोधकाने या मजकुराच्या आधारे ती शाहू महाराजांची ठरवली. मालकीचा निर्णय अक्षरांनी केला. घडवणाऱ्याविषयी मात्र ही अक्षरे काहीच बोलत नाहीत. लोहाराचे नाव नाही, गावाचे नाही, सालही नाही.

मराठ्यांची आवडती तलवार म्हणजे धोप. लांब, सरळ किंवा किंचित बाक असलेले पाते, हाताला पूर्ण झाकणारी परज, आत मऊ गादी आणि मुठीच्या वर निघालेली एक दांडी. घाव जोराचा घालायचा असेल तेव्हा या दांडीवर दुसरा हात टेकता येई. मोगली शमशेर बाकदार, ओढून कापण्यासाठी केलेली. धोप घोड्यावरून भोसकण्यासही चाले आणि लांबून वार करण्यासही. समकालीन चित्रांत शिवाजी महाराजांच्या हाती अशीच लांब, सरळ पात्याची तलवार दिसते. घडण ठरलेली होती. प्रश्न होता तो पाते कोणाचे घ्यायचे याचा, आणि या प्रश्नाला बाजारात अनेक उत्तरे मिळत.

पहिले उत्तर जिनोवा. या पात्यांवर दातेरी कडा असलेल्या दोन अर्धचंद्राकृती कोयत्यांची खूण असे, कधी शेजारी शहराचे नाव. जिनोवा हे मुळात व्यापारी बंदर. पाती उत्तर इटलीतल्या बेलुनो, ब्रेशिया अशा डोंगराळ, लोखंड-कोळशाच्या मुलखात घडत आणि बंदराचे नाव घेऊन जगभर जात. आपल्याकडे देवगडचा आंबा म्हणून जे काही विकले जाते, त्यातला प्रकार.

दुसरे उत्तर स्पेनमधील तोलेदो. तेथील अलोन्सो दे साहागून या सोळाव्या शतकातील कारागिराचे नाव एवढे मोठे झाले की पुढे ते नाव हीच दर्जाची हमी ठरली.

तिसरे उत्तर जर्मनीतील झोलिंगेन. फारसी वळणाने हिंदुस्थानात जर्मन पद्धतीच्या तलवारीला ‘अलेमानी’ हा शब्दही रूढ झाला. झोलिंगेनची खूण म्हणजे धावता लांडगा. पण हा लांडगा झोलिंगेनचा नव्हेच. तो मूळचा पासाउ या गावाचा. झोलिंगेनच्या लोहारांनी तो बिनदिक्कत उचलला. एवढ्यावर ते थांबले नाहीत. साहागूनचे नावही त्यांनी पात्यावर कोरले, अक्षरे चुकवून कोरले, आणि ती पाती खपली. बेलुनोच्या आंद्रेआ फेरारा या इटालियन कारागिराचे नाव तर इतक्या पात्यांवर सापडते की एका माणसाने ती सर्व घडवायची म्हटली तर त्याला दहा जन्म लागले असते. जिनोवाची कोयत्यांची खूण ऑस्ट्रियातील स्टिरियात नकलली गेली, कॉकेशस पर्वतात नकलली गेली, आणि हिंदुस्थानातील लोहारांनीही ती तितक्याच सफाईने ठोकली.

मग ग्रँट डफला भवानीचे पाते जिनोवाचे आहे हे कळले कशावरून? खुणेवरून कळले असेल, तर ती खूण युरोपातील सर्वांत अधिक चोरलेली खूण होती. दरबारातील कोणी सांगितले असेल, तर ‘जिनोवा’ हा शब्द तोवर ठिकाणाचे नाव राहिला नव्हता. ‘उत्तम’ या अर्थाचे ते विशेषण झाले होते.

नावाची ही गंमत कोल्हापूरकडे आणखी रंगते. १८७५ मध्ये कोल्हापूरचे बालवयातील छत्रपती चौथे शिवाजी यांच्याकडून इंग्लंडच्या युवराजाला जी तलवार भेट गेली आणि जी आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे, तिच्या सरळ युरोपीय पात्यावर ‘आयएचएस’ ही अक्षरे तीनदा उमटवलेली आहेत. हे येशूच्या नावाचे संक्षिप्त रूप. दरवर्षी दसऱ्याला शस्त्रपूजेत अशा पात्यांवर हळदकुंकू वाहिले गेले असणार, आणि त्यात कोणालाही विसंगती वाटली नसणार. देवी तलवारीत उतरते ती पूजेने. भट्टीत काय झाले याच्याशी तिला कर्तव्य नाही.

युरोपीय पात्यांचे एवढे आकर्षण का, याचे उत्तर देशी पोलादाला कमी लेखून मिळत नाही. गोवळकोंड्याच्या राज्यातील कोनसमुद्रमसारख्या गावांत मुशीत वितळवून जे पोलाद तयार होई, त्याच्या पृष्ठभागावरील लाटांसारख्या नक्षीला, म्हणजे जौहराला, जगात तोड नव्हती. त्याची धार विलक्षण टिके. पण ते पोलाद कठीण आणि म्हणूनच ठिसूळ. आखूड, बाकदार समशेरीला ते शोभे. तीन-साडेतीन फुटांचे सरळ आणि पातळ पाते ढालीवर आडवे आपटले तर ते वाकून पुन्हा सरळ व्हायला हवे. तुटता कामा नये. हा लवचीकपणा झोलिंगेनच्या पात्यांत होता. शिवाय वुपर नदीवरील पाणचक्क्यांच्या जोरावर तेथे पाती शेकड्यांनी घासली जात, त्यामुळे ती परवडत. सुरतेच्या इंग्रज वखारीच्या सतराव्या शतकातील पत्रांतही तलवारीच्या पात्यांच्या मागणीचे उल्लेख येतात. गोवा, चौल, राजापूर ही बंदरे तर हाताशीच होती. सावंतांकडून महाराजांना मिळालेल्या आणि तीनशे होन देऊन गौरवलेल्या फिरंगी तलवारीची परंपरागत कथा याच कोकण किनाऱ्यावर घडते. युद्धशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर धोपेसाठी झोलिंगेनचे पाते ही सर्वांत शहाणपणाची निवड होती. नाव मात्र जिनोवाचे झाले.

एक घडण आणि अनेक उत्पादक, हा प्रकार आधुनिक शस्त्रांतही दिसतो. जॉन ब्राउनिंगने आखलेले अर्धस्वयंचलित पिस्तूल अमेरिकी सैन्याने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारले. दुसऱ्या महायुद्धात ते कोल्टबरोबरच रेमिंग्टन रँड या टंकलेखन यंत्रांच्या कंपनीने, इथाका या बंदुकांच्या कंपनीने, रेल्वेचे सिग्नल करणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलने आणि सिंगर या शिवणयंत्रांच्या कंपनीने तयार केले. सर्वाधिक पिस्तुले टंकयंत्रवाल्यांनी दिली, सुमारे पावणेनऊ लाख. सिंगरने अवघी पाचशे. कोणाचे पिस्तूल श्रेष्ठ, यावर संग्राहक आजही हिरिरीने भांडतात आणि सिंगरच्या पिस्तुलाला अफाट किंमत मोजतात. ते अधिक अचूक लागते म्हणून नव्हे, दुर्मीळ आहे म्हणून. वास्तविक एका कारखान्याचा सुटा भाग दुसऱ्याच्या पिस्तुलात बसावा अशीच सैन्याची अट होती, त्यामुळे रणांगणावरील सैनिकाला त्या शिक्क्याशी काही देणेघेणे नव्हते. तरीही तेथे एक गोष्ट पक्की आहे : शिक्का खरा आहे. सरकारी तपासनिसाने तो पाहिला आहे, क्रमांकाची नोंद झाली आहे. धोपेच्या पात्यावरील शिक्क्याला असा साक्षीदार नाही.

मुख्य म्हणजे पाते आले म्हणजे तलवार आली, असे नव्हते. बंदरात उतरे ती मूठ नसलेली, नुसती लोखंडी पट्टी. इथला कारागीर तिला मूठ चढवी, मुठीच्या पोकळीत राळ-लाखेचे मिश्रण तापवून ओतून पाते घट्ट बसवी, परज वळवी, पात्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी आधाराच्या पट्ट्या जोडी, म्यान करी. तोल साधणे हे त्याचे खरे काम. तेच पाते युरोपीय मुठीत आणि मराठी मुठीत अगदी वेगळे वागते, कारण मनगटाची हालचाल वेगळी होते. आणि त्यानंतर येई तो शिकलगार.

‘शिकलगार’ या शब्दाच्या मुळाशी अरबीतील ‘सैकल’, म्हणजे झिलई, हा शब्द आहे. गंज काढणे, धार लावणे, पाते उजळणे हे त्याचे काम. दर मोहिमेनंतर तलवार त्याच्या हाताखालून जाई. एखादे पाते शंभर वर्षे तीन पिढ्यांच्या कमरेला राहिले, तर लोहाराने त्यावर एकदाच हात फिरवलेला असे, शिकलगाराने शंभरदा. त्याचे नाव कोणत्याही तलवारीवर नाही. न्याय म्हणून हेही सांगायला हवे की झोलिंगेनमध्येही वेगळे काही नव्हते. तेथे घडवणारे, पाणी देणारे आणि घासणारे यांचे धंदे वेगवेगळे होते. खूण उमटे ती घडवणाऱ्याची. नदीकाठी ओल्या दगडापुढे आयुष्य काढणारा घासणारा तेथेही निनावीच राहिला.

५ एप्रिल १८४८ रोजी साताऱ्याचे छत्रपती शहाजी उर्फ अप्पासाहेब वारले आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. कृष्णाकाठची पटवर्धनांची संस्थाने नावापुरती उरली. त्यांच्या घोडदळाची गरज १८१८ नंतरच संपत आली होती. सत्तावनच्या उठावानंतर शस्त्रे काढून घेण्यात आली आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याविना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवला. तलवारी देव्हाऱ्यात गेल्या, दिवाणखान्याच्या भिंतीवर गेल्या. देव्हाऱ्यातल्या तलवारीला शिकलगार वर्षातून एकदा लागतो. त्यावर कुटुंब चालत नाही.

मिरजेत याच सुमारास जे घडले ते सांगली जिल्ह्याबाहेर अजूनही पुरेसे ठाऊक नाही. तेथील शिकलगार घराण्यांपैकी फरीदसाहेब आणि त्यांच्या भावाने, परंपरेनुसार १८५० च्या आसपास, तंतुवाद्यांची दुरुस्ती हाती घेतली आणि पुढे सतार-तंबोरे स्वतःच घडवायला आरंभ केला. संस्थानिकांना गाण्याची आवड होती आणि उत्तरेतून येणाऱ्या गवयांची वाद्ये प्रवासात मोडत. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागात पिकत होते. उरला प्रश्न हाताचा, आणि तो हात तयारच होता.

तंबोऱ्याची जवारी काढणे हे काम ज्याने पाहिले असेल त्याला हा दुवा लगेच कळेल. घोडीचा पृष्ठभाग कानशीने इतक्या बेताने उतरवायचा की तार त्यावर किंचित घासत राहील आणि स्वराभोवती गुंजन उठेल. केसभर जास्त उतरले तर तार फडफडते, कमी उतरले तर स्वर मुका राहतो. मोजपट्टी येथे निरुपयोगी. बोटांनी आणि कानांनीच ठरवायचे. ज्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या पात्याची सपाटी बोटांनी वाचली, त्याला ही विद्या परकी वाटली नसणार.

पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले. ते स्वतः वाद्यांच्या दुरुस्तीत आणि जवारीत निष्णात. त्यांच्यासारख्या कानाच्या गिऱ्हाइकापुढे गावातल्या कारागिरांचा कस लागला. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात त्यांची कबर आहे आणि उरुसात तेथे आजही गायनाची सभा भरते. मैफलीत लागणारे तंबोरे गल्ली ओलांडली की मिळतात.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे आता दुसऱ्या गावात केलेला तंबोरा ‘मिरजेचा’ म्हणून विकता येत नाही. जिनोवाला असा कायदा कधी लाभला नव्हता. मिरजेच्या त्या गल्लीत दुकानांवर कारागिरांची नावे ठळक अक्षरांत आहेत, आणि अनेक घराण्यांनी शिकलगार हे जुने आडनाव मागे ठेवून ‘सतारमेकर’ असे नवे लावले आहे.