‘मो-हो-ला-च’ म्हणजे महाराष्ट्र

ह्युएनत्संगाने आपल्या प्रदेशाचे नाव ‘मो-हो-ला-च’ असे लिहिले आहे, हे मी प्रथम सॅम्युअल बील यांच्या १८८४ सालच्या इंग्रजी अनुवादात वाचले आणि हसलो. परक्या माणसाला आपले नाव धड ऐकू आले नसावे, अशी समजूत करून घेतली. ती बरीच वर्षे टिकली. पुढे कोश समोर ठेवून घरच्या घरी चिनी लिपीची तोंडओळख करून घेऊ लागलो, तेव्हा उमगले की कान माझेच कच्चे होते.

चिनी लिपीत आपल्यासारखी मुळाक्षरे नाहीत. एका चिन्हाला एक उच्चार असतो आणि बहुधा एक अर्थही. परके नाव लिहायचे तर अर्थ बाजूला ठेवून केवळ उच्चारासाठी चिन्हे घ्यावी लागतात. महाराष्ट्रासाठी वापरलेल्या चार चिन्हांचे सुटे अर्थ साधारण असे: घासणे, दटावणे, विपरीत, हिरमुसलेला. सलग वाचल्यास काहीच बोध होत नाही आणि त्यावरूनच वाचक ओळखतो की हे परके नाव आहे. यांपैकी पहिली दोन चिन्हे बौद्ध अनुवादकांनी ‘महा’साठी आधीच रूढ केली होती.

मग ‘राष्ट्र’चे ‘ला-च’ कसे झाले? झाले नाही, आपण तसे वाचतो. बील यांनी दिलेले उच्चार नंतरच्या काळातील आहेत, तर ह्युएनत्संगाचा ग्रंथ इ.स. ६४६चा. त्याच्या काळचे उच्चार ताडून पाहायला इ.स. ६०१मध्ये पूर्ण झालेल्या ‘छिए-युन’ या यमककोशाची परंपरा उपयोगी पडते. त्या परंपरेत एका चिन्हाचा उच्चार दोन ओळखीच्या चिन्हांनी सांगतात: पहिल्यातून आरंभीचे व्यंजन घ्यायचे, दुसऱ्यातून उरलेला ध्वनी. या पद्धतीने पाहिले की ‘ला’च्या शेवटी ‘त्’ सापडतो आणि आज ‘च’ वाटणाऱ्या चिन्हाच्या आरंभी ‘ठ’च्या जवळचा मूर्धन्य ध्वनी. त्या भाषेत ‘र’ नव्हता, म्हणून ‘ल’ घेतला. आता पुन्हा वाचा: ‘लात्-ठा’. प्राकृतातले ‘रट्ठ’ याहून किती वेगळे? सुराष्ट्राच्या नावातही त्याने हीच दोन चिन्हे वापरली आहेत. म्हणजे हा योगायोग नाही.

नावांच्या बाबतीत हा भिक्षू मुळातच काटेकोर होता. भारतासाठी त्याच्याआधी ‘शेन-तू’ हे नाव चालत असे. त्यातल्या चिन्हांचे अर्थ ‘शरीर’ आणि ‘विष’. ‘तिएन-चू’ असेही म्हणत. ही जुनी रूपे बाजूला सारून त्याने ‘यिन-तू’ हा योग्य उच्चार म्हणून सांगितला आणि त्याचा संबंध ‘इंदू’शी, म्हणजे चंद्राशी, जोडला. व्युत्पत्ती म्हणून ते टिकणारे नाही, कारण नावाचे मूळ ‘सिंधू’त आहे; पण चीनमध्ये भारताला आजही ‘यिन-तू’च म्हणतात.

चिन्हे जागच्या जागी राहतात, उच्चार मात्र बदलत जातो. मुंबईचे चिनी नाव ‘मंग-माय’ हे ‘बॉम्बे’च्या दिवसांतले, १९९५ साली शहराचे अधिकृत इंग्रजी नाव बदलले, तरी ती दोन चिन्हे तशीच आहेत. पुलकेशीच्या राज्याचे आणि तिथल्या मानी माणसांचे वर्णन ह्युएनत्संगाने केले, म्हणून आपण त्याची साक्ष अभिमानाने काढतो. त्याच ग्रंथातले आपले नाव मात्र आपण चुकीच्या शतकाच्या उच्चारात वाचत आलो. त्याने ते नीट ऐकले होते.